चांद्याचे बेट कोणी केले?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीविषयी बोलताना मंत्र्यांपासून विद्वानांपर्यंत सर्वांच्या तोंडी एक उपमा ठरून गेली आहे : हा प्रदेश म्हणजे मुख्य प्रवाहापासून तुटलेले एक बेट. बेट म्हटले की पुढची वाक्ये आपोआप येतात. बेटाला पूल हवा, पुलामागून रस्ता हवा, रस्त्यावर ट्रक हवेत, आणि ट्रक रिकामे परतू नयेत म्हणून खाण हवी. उपमेचा असा हा बाजारभाव आहे. तिच्यात गृहीत धरलेली गोष्ट मात्र कोणी तपासत नाही. ती अशी की, हा मुलूख निसर्गतःच एकाकी होता, त्याला स्वतःचा इतिहास नव्हता, आणि जो काही इतिहास आहे तो बाहेरची माणसे तेथे पोचल्यापासून सुरू होतो.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. चांदा हे बेट नव्हते. ते बेट करण्यात आले. ज्या कायद्यांनी केले त्यांची नावे आणि सालेही उपलब्ध आहेत.

वस्तीच्या प्राचीनतेबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. चिमूर तालुक्यात हिरापूरला महापाषाणयुगीन स्मारके आहेत. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत आणि वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचा शिल्पसंपन्न देवालयसमूह आहे. लेणी आणि देवळे एकाकी बेटावर उभी राहत नाहीत. त्यासाठी वरकड उत्पन्न लागते, कारागीर लागतात आणि जाण्या-येण्याच्या वाटा लागतात. येथील वाटा नद्यांच्या होत्या. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्व समुद्राला. आज नकाशाच्या कोपऱ्यात पडलेला सिरोंचा हा त्या जलमार्गावरचा नाका होता.

चांद्याच्या गोंड राजांची परंपरागत यादी भीम बल्लाळसिंहापासून सुरू होते. तिच्यातील आरंभीच्या सनावळ्यांवर विसंबण्याचे कारण नाही, आणि खांडक्या बल्लाळशहाने सशाला कुत्र्यामागे लागलेले पाहून चांद्याची जागा निवडली ही कथा कथा म्हणूनच घ्यावी. पण शहराचा कोट, जटपुरा आणि पठाणपुरा या वेशी, राणी हिराईने आपल्या पतीसाठी बांधलेली समाधी या गोष्टी कथा नव्हेत. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्याच्या दरबाराला हा प्रदेश चांगला ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो पुढे तीनशे वर्षांनी लिहू लागलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना, आणि त्यांच्या अहवालांवर पोसलेल्या आपल्याकडील शिक्षितांना.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या राजवटीचे जमीनधोरण. हीरशहाविषयी सांगितले जाते की, जंगल तोडून जो जमीन लागवडीस आणील त्याला ती, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन, असा त्याचा नियम होता. ही परंपरा एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या पहिल्या बंदोबस्ताच्या वेळीही जिवंत होती. राजाच्या नावाभोवती लोकांनी काही भर घातली असेल. पण पूर्व विदर्भातले सहा हजारांहून अधिक जुने तलाव ही काही भर नव्हे. कोहळ्यांसारख्या जातींचे कौशल्य आणि गोंड गावांचे श्रम यांतून ते उभे राहिले. गोंड राजवट हे सुवर्णयुग होते असे कोणी समाजवाद्याने म्हणू नये. तेथेही राजा होता, सरदार होते आणि राबणारे वेगळे होते. मुद्दा एवढाच की, त्या व्यवस्थेत जंगल, शेत आणि पाणी यांच्यामध्ये कुंपण नव्हते. गावाच्या जगण्यात तिन्ही एकत्र होती. राजा उत्पन्नातला वाटा घेई, पण मोह वेचणाऱ्या बाईला पास विचारीत नसे.

पुढची घसरण वेगाने झाली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी नीळकंठशहाला कैदेत टाकून राज्य घेतले. मे १८१८ मध्ये कंपनीच्या फौजेने चांद्याचा किल्ला जिंकला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरा रघूजी निपुत्रिक वारला आणि डलहौसीने नागपूर खालसा केले. मराठी अंमलाने येथे सारावसुलीची मक्तेदारी आणली हे मराठी वाचकाने विसरू नये. त्या मक्तेदारांनाच इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजार म्हणून गावाची मालकी बहाल केली. वसूल करणारा मालक झाला आणि तलाव बांधणारा कूळ झाला.

इंग्रजांना या प्रदेशाची गरज कशासाठी वाटली हे सिरोंच्याच्या कहाणीत स्वच्छ दिसते. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके घेण्यात आले आणि वरचा गोदावरी जिल्हा असे त्यांना नाव देण्यात आले. हेतू एकच : वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीमार्गाने समुद्राला नेणे. सर आर्थर कॉटनची ही मूळ कल्पना. लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि योजनेला जोर आला. धरणे आणि कालवे खोदले गेले. मग रेल्वे आली, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले आणि १८७४ मध्ये तो जिल्हाच मोडून सिरोंचा चांद्याला जोडला गेला. ज्या अधिकाऱ्यांनी सिरोंच्याला जागतिक बाजाराचे दार म्हटले, त्यांच्याच वारसांनी पुढे त्याला दुर्गम म्हटले. मधल्या काळात नदी जागची हलली नव्हती.

बाबूराव शेडमाके यांच्या बंडाकडेही या संदर्भात पाहायला हवे. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या या पंचविशीतल्या तरुणाने अडपल्ली-घोटच्या व्यंकटरावाच्या साथीने गोंड आणि रोहिल्यांची फौज उभारून १८५८ मध्ये इंग्रजांशी सामना दिला. २९ एप्रिल १८५८ च्या चिंचगुंडीच्या छाप्यात ठार झालेले दोघे गोरे तारखात्याचे नोकर होते, ही गोष्ट सहज वाचून सोडून देण्यासारखी नाही. तार आणि तिच्यामागून येणारी सत्ता काय घेऊन येत आहे हे त्या माणसांनी ओळखले होते. बाबूरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी इंग्रजांना साहाय्य केले आणि त्याबद्दल तिला गावे इनाम मिळाली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. आदिवासी समाज हा एकसंध, वर्गहीन असतो असे मानणाऱ्या भाबड्या कार्यकर्त्यांनी अहेरीचे हे प्रकरण एकदा नीट वाचावे.

बंड मोडल्यानंतर बेट करण्याचे खरे काम सुरू झाले. ते दोन रेषांनी झाले. पहिली रेषा जंगलाची. १८६५ चा आणि त्याहून कठोर असा १८७८ चा वनकायदा यांनी जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे तीन वर्ग केले. तिसरा वर्ग जवळजवळ कागदावरच राहिला. हा योगायोग नव्हता. कायद्याच्या मुळाशी असलेल्या वादात बेडन-पॉवेलचा पक्ष असा होता की, लेखी दाखला नसलेला कोणताही वापर हा हक्क नव्हे, ती केवळ सरकारने सोसलेली वहिवाट आहे. ज्या समाजाचा व्यवहार तोंडी चालतो त्याला या व्याख्येने एका फटक्यात निर्हक्क केले. हक्काची सवलत झाली, सवलतीची मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानीची किंमत वनरक्षकाच्या घरी कोंबडी आणि वेठ या रूपात वसूल होऊ लागली. आलापल्लीचा सागवान सरकारचा झाला. झाडोरा जाळून राखेत बी फेकणारा माडिया गुन्हेगार झाला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर जे कोरडे ओढले, ते कुरणे गमावलेल्या देशावरच्या शेतकऱ्यासाठी होते. जंगलातल्या माणसाने तर कुरणाबरोबर घरही गमावले होते.

दुसरी रेषा राज्यकारभाराची. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याने अहेरी, धानोरा, रांगी, मुरूमगाव, पोटेगाव अशा चांद्याच्या जमीनदाऱ्या सर्वसाधारण कायद्यांच्या कक्षेबाहेर काढल्या. १९३५ च्या कायद्याखाली त्याच बहुतेक जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेले क्षेत्र' झाल्या. कारण सांगण्यात आले आदिवासींच्या संरक्षणाचे. पण या दोन रेषा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. कायदेमंडळाच्या चर्चेपासून ज्या भागाला अलग ठेवले, त्याच भागातून सागवानाचे ओंडके बाहेर जाण्याला एक दिवसही खंड पडला नाही. मालाला वाट होती, माणसाच्या तक्रारीला नव्हती. अलगपणा आणि लूट या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असतात.

हे चांद्यालाच लागू आहे असे नव्हे. खऱ्याखुऱ्या बेटाचा इतिहास ताडून पाहावा. मॉरिशस हे बेट मूळचे निर्जन. डचांनी १६३८ मध्ये वस्ती केली आणि १७१० मध्ये सोडली. फ्रेंचांनी गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये ते इंग्रजांकडे गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण-साताऱ्याकडची मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठीचे नाव राखून आहेत. समुद्रात सर्व बाजूंनी वेढलेले ते बेट कोणत्याही क्षणी जगापासून तुटलेले नव्हते. लंडनच्या साखरबाजाराला ते जखडलेले होते. तुटलेला होता तो मजूर, ज्याला मळा सोडून फिरायलासुद्धा पास लागे. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, पण त्याआधीच, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्यातून कापून घेतला होता. पुढे तेथील रहिवाशांना हुसकून अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यात आला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात सांगितले की, मॉरिशसच्या वसाहतमुक्तीची प्रक्रिया कायदेशीररीत्या पूर्णच झालेली नाही.

हेच वाक्य गडचिरोलीला लावून पाहण्याचे धैर्य किती जणांना आहे? स्वातंत्र्य देताना मोलाचा भाग कापून ठेवण्याची युक्ती हिंदी महासागरातच झाली काय?

स्वातंत्र्यलढ्यात या भागाने आपला वाटा उचलला नाही असेही नाही. जुलै १९३० मध्ये बापूजी अण्यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात त्याची लाट उसळली. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटले. पोलिसांच्या गोळीने माणसे पडली, संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि नंतर गोऱ्या फौजेने गावातल्या स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. पलीकडे, निजामाच्या हद्दीत, आदिलाबादच्या डोंगरात १९४० मध्ये कुमरम भीम जंगलाच्या हक्कासाठी लढताना मारला गेला होता. चिमूर राष्ट्रीय इतिहासात गेले, आणि ते योग्यच झाले. भीम आणि शेडमाके अनेक दशके स्थानिक आख्यायिकेत पडून राहिले, कारण त्यांची मागणी इंग्रजांनी जाण्यापुरती नव्हती. जंगलखाते जावे असे ते म्हणत होते. अण्यांनी गवत कापले ते ज्या कायद्याचा भंग म्हणून, तो १९२७ चा भारतीय वन कायदा स्वतंत्र भारताने जसाच्या तसा स्वीकारला. प्रतीक म्हणून मोडलेला कायदा सत्ता म्हणून सांभाळला गेला.

येथे समाजवादी चळवळीने स्वतःच्या वागण्याचाही हिशेब मांडला पाहिजे. जमीनदारी निर्मूलन ही चळवळीची हक्काची घोषणा. चांदा तेव्हा मध्यप्रदेशात होता, आणि तेथील १९५० च्या मालकीहक्क निर्मूलन कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी दोन्ही संपवल्या. सभांमधून अभिनंदनाचे ठराव झाले. पण मालगुजाराकडून काढून घेतलेले जंगल आणि तलाव गेले कोणाकडे? गावाकडे नव्हे, शासनाकडे. गावाच्या वाट्याला आला 'निस्तार' : म्हणजे जळण, कुंपणाचे काटे, नांगराचे लाकूड आणि चराई यांची सोय. शब्द जुना, पण आशय पुन्हा सवलतीचाच. तलावांना तर धनीच उरला नाही. गाळ कोणी काढायचा हे ठरेना. त्यांना आजही लोक 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. मालक जाऊन सत्तर वर्षे झाली तरी नाव मालकाचेच. त्याच वर्षांत तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांनी माजी मालगुजारांशी केलेल्या करारांच्या बळावर न्यायालयाची पायरी चढली, आणि १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे ग्राह्यही धरले. तो पवित्रा १९५९ मध्ये बदलला खरा. पण ठेकेदाराचा कागद दिल्लीपर्यंत पोचला, वहिवाटीचा पोचला नाही, हा फरक बोलका आहे. राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, हे लोहियांना मानणाऱ्या चळवळीला वेगळे सांगायला नको होते. तरीही जंगलाच्या बाबतीत तिने शासनाच्या मालकीलाच समाजाची मालकी मानून टाळ्या वाजवल्या.

परिणाम बांबूत दिसतात. बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबूची वने दीर्घ मुदतीच्या कराराने मिळाली, आणि टोपली विणणाऱ्या बुरडाला चार बांबूंसाठी डेपोत तिष्ठावे लागले. बांबू हे गवत असताना कायद्याने तो २०१७ पर्यंत वृक्ष मानला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटल्यावरही वनखाते जुन्या व्याख्येला चिकटून राहिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळायला २७ एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्राच्या मंत्र्याला गावात यावे लागले. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. या गावांनी बांबू विकला, मजुरी वाढवली, राखण स्वतः केली, काही भाग तोडीपासून मुक्त ठेवला. गावाच्या हाती जंगल गेले की संपले, असे म्हणणाऱ्यांनी ती गावे पाहावीत. आणि मग १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगल सफाचट तोडून जेथे सागाच्या रांगा लावल्या, तेही पाहावे.

आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांच्या हाती सामूहिक हक्काचे दाखले आहेत. ही लहान गोष्ट नव्हे. देशात फार थोड्या जिल्ह्यांत असे घडले आहे. म्हणूनच ते निष्फळ करण्याची घाई झालेली दिसते. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या पहाडावर, जेथे आसपासच्या गावांचा ठाकूरदेव आहे, लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये खासगी कंपनीला दिला गेला. वनहक्क कायद्याची अंमलबजावणी जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली. सालांचा हा क्रम पुरेसा स्पष्ट आहे. २०२२ मध्ये वनसंवर्धनाचे नियम बदलून केंद्राने मंजुरी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती पाहण्याची अट काढून घेतली, आणि ती जबाबदारी नंतर राज्याने पार पाडावी असे ठरवले. निकाल आधी आणि सुनावणी मागाहून, अशी ही न्यायाची तऱ्हा आहे.

माओवाद्यांचा दाखला देऊन हे सर्व रेटले गेले. त्यांच्याबद्दल गुळमुळीत बोलण्याचे कारण नाही. १९८० च्या सुमारास ते गोदावरी ओलांडून आले. सुरुवातीस त्यांनी तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून दिली आणि वनरक्षकाची दहशत मोडली हे खरे आहे. पण त्यांनाही बेटच हवे होते. निवडून आलेला सरपंच, स्वतंत्र बुद्धीची ग्रामसभा आणि खुला प्रश्न त्यांना पोलिसांइतकाच अडचणीचा वाटला, आणि खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासींचे रक्त त्यांच्या हाताला लागले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या एका वरिष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चाळीस वर्षांची सबब आता निकालात निघत आहे. बंदूक गेल्यावर तेथे ग्रामसभा येणार की खाणीचा ट्रक, हा खरा प्रश्न यापुढचा आहे, आणि तो जिल्हा पोलिसांच्या आकडेवारीने सुटणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे सभा-मोर्चांपुरते राहत नाही. १९५१ नंतर गावोगाव तयार झालेली निस्तारपत्रके तहसिलीच्या आणि अभिलेख कार्यालयाच्या फडताळांत आहेत. कोणते गाव कोणत्या जंगलात काय वापरत होते ते त्यांत गटक्रमांकांसह लिहिलेले आहे. ज्या सत्तेने तोंडी हक्क मानला नाही तिच्याच हातचा हा लेखी पुरावा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सामूहिक दाव्यांचे काम गडचिरोलीच्या फार मागे आहे. तेथील कोणत्याही तालुक्यातल्या पाच कार्यकर्त्यांनी या पत्रकांच्या नकला मागवाव्यात, गावातल्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना बरोबर घेऊन शिवेवरून पायी फिरावे, मोहाची झाडे, पाणवठे, देवराया आणि मसणवटा नकाशावर घालावेत, आणि दावा ग्रामसभेपुढे ठेवावा. नकार आला तर तो लेखी मागावा.